धानोऱ्याचा सरकारी रेडिओ

किस्से साठवावे लागत नाहीत. चार माणसं रोज एकाच जागी, एकाच वेळी येऊन बसायला लागली की ते आपोआप साठतात. धानोऱ्याला मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो तेव्हा अशी एक जागा होती. पन्नास-साठच्या मधली वर्षं. सरकारने पंचायतीला रेडिओ दिला आणि पंचायतीला स्वतःची पक्की खोली नसल्यामुळे तो शाळेच्या ओसरीत आला. दिवस मावळला की पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे आणि मध्ये लाकडी पेटीत रेडिओ. गावात आणखी कोणाकडे रेडिओ नव्हता, त्यामुळे भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी त्याच ओसरीत यावं लागे.

*

रेडिओ चांद्याहून आला. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे. सोबत एक मेकॅनिक होता. त्याने चिंचेच्या शेंड्यापासून तार आणून जोडली, नागपूर लावून दिलं आणि सरपंचांना बजावलं की डावं बटण चालू-बंद करायचं, उजव्याला हात लावायचा नाही.

सरपंच म्हणजे किसनभाऊ. धानाची शेती, बोलणं कमी आणि सरकारी कामाची भीती पुष्कळ. पेटीची किल्ली ते कमरेच्या करदोट्याला बांधून ठेवायचे. वर्षभर त्यांनी उजव्या बटणाला हात लावला नाही, कोणाला लावू दिला नाही.

मग एकदा तपासणीला एक साहेब आले. रात्री मुक्काम होता, म्हणून संध्याकाळी ओसरीत बसले. खतावरचं भाषण चालू होतं. साहेबांना कंटाळा आला असावा. त्यांनी सहज हात लांब केला आणि उजवं बटण फिरवलं. पेटीतून तेलुगू गाणं सुरू झालं. सिरोंच्याकडची मंडळी बाजाराला आली की बोलायची, ती भाषा आमच्याच पेटीत निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

किसनभाऊ उठले, हात जोडून साहेबांसमोर उभे राहिले. ऐकायला काय हरकत आहे, असं साहेबांनी विचारलं.

"हरकत नाई साहेब," किसनभाऊ म्हणाले, "पण आपल्या पंचायतीले नागपूरपर्यंतच परवानगी आहे."

*

बायांच्या बाजूचा कारभार तानीबाईकडे होता. शाळेसमोर तिचं चणे-फुटाण्याचं छोटं दुकान होतं. नवरा लवकर गेला, दोन मुली तिने एकटीने उजवल्या. तिच्यापुढे किसनभाऊसुद्धा बेताने बोलत.

शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात एक म्हातारा रोज प्रश्न विचारायचा आणि एक शहाणा माणूस त्याला उत्तरं द्यायचा. कपाशीवर कीड का पडते, औषध केव्हा मारायचं, वगैरे. आमच्याकडे सगळा धान. कपाशी बघायला राजुऱ्याकडे जावं लागे. तरी लोक ऐकत. तानीबाईचा जीव मात्र त्या म्हाताऱ्यात अडकला होता. त्याला काहीच कसं ठाऊक नाही, याचं तिला फार वाईट वाटे.

एका संध्याकाळी तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गुरुजी, त्या बुढ्याले घरचं कोणी नाई काय? साध्यासाध्या गोष्टी बिचाऱ्याले रेडिओवर येऊन इचारा लागते."

*

तानीबाईचाच दुसरा किस्सा. बातम्या सांगणाऱ्या एक बाई होत्या. आवाज स्वच्छ. एकदा बातम्या सांगता सांगता त्यांना ठसका लागला. दोन वाक्यांनंतर पुन्हा खोकला. बाईंनी माफी मागून बातम्या पुऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी बांबूचा ट्रक नागपूरला निघाला होता. तानीबाईने अडुळशाचा पाला, बेहडा आणि मध अशी पुडी बांधली, वर फडकं गुंडाळलं आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. नागपूरला बातम्या सांगणाऱ्या बाईला नेऊन द्यायची. ड्रायव्हर शहाणा, त्याने हो म्हटलं.

त्यानंतर काही दिवस बातम्यांना दुसराच कोणी होता. तानीबाई दुकानात नीट बसेना. मग एका संध्याकाळी बाईंचा आवाज परत आला, पहिल्यासारखा स्वच्छ. तानीबाईने सगळ्या बायांकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "पोचली."

त्याच आठवड्यात तो ट्रक शाळेसमोर उभा होता. ड्रायव्हरच्या डोक्यावर, आरशाला, ती पुडी फडक्यासकट टांगलेली होती. मी पाहिली, किसनभाऊंनी पाहिली. किसनभाऊंनी ड्रायव्हरला गाडी तानीबाईच्या दुकानापासून पुढे घ्यायला सांगितलं.

*

रेडिओची बॅटरी मोटारीच्या बॅटरीसारखी जड होती आणि चार्ज करायला चांद्याला पाठवावी लागे. एका पावसाळ्यात ती तिकडेच अडकली. वैनगंगेला पूर, नाव बंद. रेडिओ मुका झाला. तरी संध्याकाळ झाली की लोक येऊन बसत. किसनभाऊ पेटी उघडत, रेडिओ पुसत, पेटी लावून टाकत.

असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी गोविंदा उठला आणि पेटीमागे जाऊन बसला. गोविंदा माझ्याच वयाचा, जंगल खात्याच्या डेपोवर बांबू मोजायला होता. नकला उत्तम करायचा. त्याने घसा साफ केला आणि हुबेहूब रेडिओच्या आवाजात बातम्या सुरू केल्या. मारुतीच्या देवळाचं कौल वानरांनी फोडलं. तानीबाईचे फुटाणे पावसामुळे मऊ आहेत, जनतेने शांतता राखावी. हवामान ओलं राहील.

लोकांना ते इतकं आवडलं की पाऊस असला तरी डोक्यावर घोंगडी घेऊन येऊ लागले. ज्याचं नाव येई तो चिडे, बाकीचे हसत, आणि दुसऱ्या दिवशी चिडलेलाच सगळ्यांच्या आधी येऊन बसे.

मग एकदा बातमी आली की गावचे सरपंच काल रात्री सासुरवाडीच्या पाहुण्यांना पाहून मागच्या दाराने शेतावर गेले आणि अद्याप परतलेले नाहीत. सरपंच समोरच बसले होते. सकाळी ते स्वतः छत्री घेऊन निघाले. पूर आहे, कुठे जाता, म्हणून मी विचारलं.

"बॅटरी आणाले," ते म्हणाले. "नागपूरवाले आपल्याले ओळखत नाई, तेच बरं आहे."

*

गोविंदावर हीच वेळ पुढे खऱ्या बातम्यांनी आणली. त्याची बायको शेवंता राजुऱ्याकडची. तो भाग तेव्हा हैद्राबाद राज्यात होता आणि आम्ही मध्यप्रदेशात. माहेरी जायचा विषय निघाला की गोविंदा सांगायचा, परराज्यातलं काम आहे, असं उठून जाता येत नाही. आईची आठवण येऊन ती रडली तरी त्याचं उत्तर तेच. रस्ताही लांबचा होता, ते खरं. पण त्याला खरी भीती होती सासऱ्याची. लग्नात काहीतरी बोलाचाली झाली होती.

राज्यांची नवी रचना झाली त्या संध्याकाळी ओसरी गच्च भरली होती. आता आपण मुंबई राज्यात, असं ऐकून एका म्हाताऱ्याने विचारलं की मंग आपल्याले कुठी जा लागल काय? मी समजावलं की कोणाला कुठेच जायचं नाही, गाव जागेवरच राहील. मग सांगून काऊन राह्यले, असं म्हणून तो घरी गेला.

पुढे कोणकोणता मुलूख नव्या राज्यात आला ते सांगितलं गेलं. त्यात राजुऱ्याकडचा भागही होता. बायांच्या बाजूला शेवंता उभी राहिली. चारचौघांत ती कधी नवऱ्याशी बोलत नसे.

"ऐकलं ना?" ती म्हणाली. "आता एकच राज्य आहे."

पुढच्या आठवड्यात दोघं राजुऱ्याला गेली. सासऱ्याने काय केलं, हे मी गोविंदाला विचारलं. त्याने जावयाला पाटावर बसवून जेवू घातलं आणि जेवण होईपर्यंत एकही शब्द बोलला नाही, म्हणे. गोविंदा म्हणाला, त्यापेक्षा हैद्राबाद बरं होतं.

*

एका वर्षी दोन भागांचं नाटक लागलं. पहिल्या भागाच्या शेवटी पुरात नाव उलटली आणि नाटकातली मुलगी पाण्यात पडली. उरलेलं पुढच्या गुरुवारी.

मधल्या दिवसांत आमच्याकडे वाघाने बैल मारला. मग बांबू तोडणाऱ्या एका माणसावर झडप घातली. तो वाचला, पण खांदा फाटला आणि त्याला बैलगाडीने गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. नाकेदार होते शेखभाऊ. जंगलची सगळी राखण त्यांच्याकडे. त्यांनी कोतवालाकडून दवंडी पिटवली: दिवस मावळल्यावर कोणी बाहेर पडायचं नाही, रेडिओ बंद.

गुरुवारी दुपारपासूनच आजूबाजूच्या टोल्यांवरचे, म्हणजे वाड्या-वस्त्यांवरचे, लोक यायला लागले. अंथरूण-पांघरूण घेऊनच आले होते. नाटक झाल्यावर शाळेतच झोपणार होते. किसनभाऊ माझ्याकडे बघत होते, मी किसनभाऊंकडे. शेवटी त्यांनी किल्ली काढली.

रेडिओ गरम होऊन आवाज यायला जरा वेळ लागायचा. तेवढ्यात शेखभाऊ आले. खांद्यावर बंदूक, चेहरा लाल. पायरीवर उभे राहून त्यांनी सगळ्यांना सुनावलं: हुकूम म्हणजे काय गंमत आहे काय, उद्या कोणाला उचलून नेलं तर जबाब कोण देणार. ते बोलत होते ते खरंच होतं. पण कोणी उठलं नाही.

मग शेखभाऊंनी बूट काढले, बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि किसनभाऊंच्या शेजारी बसले.

"मागल्या गुरुवारी मी जंगलात बीटवर होतो भाऊ," ते हळूच म्हणाले. "नाव उलटली, इतकंच लोकांकडून कळलं. ते पोरगी वाचली काय?"

*

आता लालसूचं सांगतो.

लालसू जवळच्या टोल्यावरचा गोंड शेतकरी. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्याचा आवाज ऐकून नागपूरच्या रेडिओवरच्या एका साहेबांनी त्याला गायला बोलावलं. तो रेला, म्हणजे गोंडी गाणी, गायचा. रेल्याची रीत अशी की पुरुष एक ओळ म्हणतात आणि समोरून बाया तिला जोड देतात. टोल्यावर बायांच्या बाजूने नेहमी त्याची बायको जैनी म्हणायची. लालसूसोबत ढोल वाजवायला एक भाऊबंद निघाला होता, पण गडचिरोलीत त्याला ताप भरला. लालसू एकटाच पुढे गेला. त्याने त्याआधी रेल्वेही पाहिली नव्हती.

त्याचं गाणं लागणार होतं त्या संध्याकाळी जैनी टोल्यावरच्या बायांना घेऊन ओसरीत आली. ती पहिल्यांदाच आली होती. तानीबाईने सरकून तिला पेटीसमोर जागा दिली. जैनीने पदर घट्ट धरून ठेवला होता. नवरा बरेच दिवस घरी नव्हता आणि त्याची काही खबर नव्हती.

नागपूरहून लालसूचं नाव सांगितलं गेलं, थोडं चुकीचं. मग त्याचा आवाज आला. एक ओळ. तोच आवाज, भात कापताना दुरून यायचा तसाच. ओळ संपली आणि रेडिओ बंद पडला.

किसनभाऊंनी बटणाला हात घातला. बॅटरी गेली, असं गोविंदा म्हणाला. मी उठून तार बघायला निघालो.

जैनीने कोणाकडेच पाहिलं नाही. तिने समोरची ओळ उचलली. मागून टोल्यावरच्या बायांनी सूर धरला. ओसरी भरून गेली. त्यांची ओळ पुरी झाली, आणि लगेच पेटीतून लालसूची दुसरी ओळ आली. पुन्हा रेडिओ गप्प. पुन्हा बाया. किसनभाऊंनी बटणावरचा हात काढून घेतला. गाणं तसंच शेवटपर्यंत झालं. एकदाही एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीवर आली नाही.

लालसू परत आला तेव्हा मी त्याच्या टोल्यावर गेलो. तिकडे कसं झालं, म्हणून विचारलं. त्याने सांगितलं की काचेच्या खोलीत एकट्याला बसवलं होतं. काचेपलीकडून साहेब सारखा हात हलवत होता, म्हण म्हण म्हणून. गाणं झाल्यावर तो जरा रागावलाच, की मध्ये मध्ये थांबत का होतास.

मग तुम्ही काय सांगितलं, असं मी विचारलं.

लालसू विळ्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"म्हटलं, बाया म्हणून राह्यल्या होत्या ना साहेब. त्यायचं सरल्याबिगर मी मधात कसा म्हणू?"