देवदूताच्या चेहऱ्यावरचा सफेदा

मेखेलेन गावच्या लीवेनचा जन्म रंग घोटण्यात गेला. चित्रकार गिलिस त्याचे मालक. लीवेनची नखं कधी स्वच्छ दिसली नाहीत. जेवायला बसला की बायको योसीना आधी त्याचे हात बघायची, मगच पाव पुढे सरकवायची.

गावच्या चर्चमधलं येशूजन्माचं जुनं चित्र स्पेनच्या राजाला हवं होतं. गावानं साफ नाही म्हटलं, तेव्हा हुबेहूब नक्कल करायचं काम गिलिसकडे आलं. मूळ चित्रातल्या एका देवदूताचा चेहरा मेणबत्त्यांच्या काजळीनं पार काळवंडला होता. मालकांनी त्याच्या जागी लीवेनच्या लेकीला, माइकेनला समोर बसवलं. डावी पापणी किंचित उतरलेली, हसू दाबलेलं. पोर चित्रात जशीच्या तशी उतरली, आणि त्याच हिवाळ्यात तापानं गेली.

मग योसीना रोज नवऱ्याची न्याहारी घेऊन चित्रशाळेत येऊ लागली. न्याहारी हे निमित्त. ती लेकीला बघायला यायची.

ईस्टरच्या आधी चर्चची साफसफाई झाली, तिथलं मूळ चित्रही पुसलं गेलं आणि काजळीखालून भलताच चेहरा निघाला. नक्कल न्यायला आलेल्या राजाच्या माणसाला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं त्यालाही दिसलं.

"हा चेहरा वेगळा आहे. बदला," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

"लीवेन, चेहरा झाकायला सफेदा घोट. माझा नाइलाज आहे रे."

"मालक, आज दुसऱ्या कुणाला सांगा ना."

"दुसऱ्याच्या हातचा तिच्या तोंडावर घालू?"

लीवेननं घोटला. जवसाचं तेल त्यानं मुद्दाम जास्त घातलं. रंग कुंचल्यावरून ओघळला, तेव्हा मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तोच रंग चेहऱ्यावर फिरवला.

घरी योसीनानं चूल पेटवली नव्हती.

"पुसलंत ना पोरीला? बापाच्या हातानं?"

"झाकलंय गं फक्त. तेल जास्त आहे. असा सफेदा वर्षं लोटली की विरतो. खालचं दिसायला लागतं."

"कधी?"

"आपण नसू तेव्हा."

"अहो, पण तिकडे तिला ओळखणार कोण?"

लीवेन ढसाढसा रडला.

चित्राची पेटी निघाली त्या सकाळी योसीनानं गाडी वेशीवर अडवली. पेटीवर हात ठेवून गाडीवानाला म्हणाली, "तिचं नाव माइकेन. राजाकडे कुणी विचारलं तर सांगशील ना, बाबा?"

"सांगतो, बाई," म्हणत त्यानं घोडे हाकले. त्याची गाडी अँटवर्पच्या बंदरापर्यंत, स्पेनच्या जहाजापर्यंतच जाणार होती.