जोडी फुटेपर्यंत उठायचं नाही

शाहीन, ये गं, अशी जवळ येऊन बस. दूर राहून काय ऐकतेस? अब्बांचा चाळिसावा झाला तशी तू नांदेडला गेलीस ती गेलीसच. फोन करतेस, पण दोन मिनिटांत ठेवतेस, आणि ठेवायच्या आधी दर खेपेला तेच विचारतेस, "अक्का, अब्बा शेवटी काय बोलले?" मी म्हणते, "काही न्हाई गं, अचानकच झालं." ते खोटं आहे. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून पेपरच्या या पुरवणीत लिहून राहिले. चार लोकांसमोर एकदा छापून आलं की माघारी घेता येत नाही...

वाचणाऱ्यांसाठी सांगते. शाहीनचे अब्बा सत्तारभाई म्हणजे आमच्या लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत क्रिकेटच्या बॅटी दुरुस्त करणारा माणूस. त्यांच्या दुकानाला लागून माझं शेवयांचं दुकान, आणि दुकानामागेच माझं घर. मी चौथीपर्यंत शिकलेली. बाकीचं वाचायला शिकले ते शेवया बांधायच्या रद्दीतून, आणि क्रिकेट शिकले ते सत्तारभाईंकडून. फुटक्या बॅटीत ते सरस भरायचे, दोरा गुंडाळायचे, नव्या बॅटीनं चेंडूचा मार सोसावा म्हणून तिला लाकडी हातोडीने तासन् तास ठोकत बसायचे. ठक, ठक, ठक... मधेच थांबून कान लावायचे आणि म्हणायचे, "ही आतून गेली." गिऱ्हाईक बॅट उलटीपालटी करून बघायचं, चीर काही दिसायची न्हाई. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक दोन तुकडे हातात घेऊन दारात उभं. असल्या कामातून गेलेल्या बॅटींची त्यांनी स्वतःसाठी एक खुर्ची केली होती. पाठीला पाती, हाताखाली मुठी. ती खुर्ची माझ्या घरात टीव्हीसमोर असायची, कारण त्यांच्या दुकानात टीव्ही नव्हता.

लातूरला यायच्या आधी त्यांचं दुकान नांदेडला, विष्णुपुरीच्या अंगाला होतं. तिथे इंजिनिअरिंग शिकणारा एक नेपाळी पोरगा बॅट घेऊन आला. म्हणाला, "चाचा, आमच्या गावात सपाट जागाच नाही. डोंगराच्या पायरीवर खेळतो. चेंडू खाली गेला की आणणारा वर येईपर्यंत मॅच बंद." सत्तारभाई पोट धरून हसले, पण त्या दिवसापासून नेपाळचा संघ त्यांचा झाला. तेव्हा तो संघ कुणाकडूनही हरायचा. हॉटेलात चहा पिताना लोक म्हणायचे, "काय सत्तारभाई, जावई खेळतो की काय त्या संघात?" हे शांतपणे बशी तोंडाला लावायचे. "हसा, हसा. फिरकी लई भारी हाय त्यांची. मधली फळी कच्ची हाय, ती पिकू द्या. मोठमोठ्यांना घाम फोडतील." आणि पिकत गेली ना! आधी लहान संघांना हरवलं, मग मोठ्या संघाशी शेवटच्या षटकापर्यंत भांडले. हरले त्या दिवशीसुद्धा सत्तारभाईंनी गल्लीत पेढे वाटले होते.

त्यांचा एक कायदा होता. आपल्या संघाची जोडी जमली की ती फुटेपर्यंत कुणी जागेवरून उठायचं नाही. एकदा मी दूध उतू जातंय म्हणून उठले आणि तिकडे गडी बाद झाला. दोन दिवस बोलले न्हाईत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अक्का, दूध बाजारात मिळतं. जोडी मिळते का?" त्यानंतर मी किती दूध जाळलं, ते माझ्या पातेल्याला विचार.

गेल्या काही महिन्यांत त्यांचं ठोकणं तुटक झालं होतं. ठक, ठक... मग बराच वेळ काही न्हाई. डावा हात झटकत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "रंधा जास्त झाला." मी ऐकून घेतलं. बॅटीला ते कान लावायचे तसा मी त्यांना लावला न्हाई.

त्या दिवशी दुपारी मॅच होती. चार गडी लवकर गेले, मग जोडी जमली. समोरचा संघ केवढा मोठा! गल्लीतले लोक दारात, खिडकीत गोळा झाले. पाचेक षटकं झाली असतील. सत्तारभाई म्हणाले, "अक्का, जरा घरी जाऊन पडतो. छातीत जळजळ होऊन राहिली."

आणि मी काय म्हणाले, शाहीन? मी म्हणाले, "बसा गुमान! उठलात तर जोडी फुटेल. कायदा तुमचाच हाय."

ते हसले. "हाव, मेराच कायदा." बसले. कपाळावर घाम दिसला. मी म्हणाले, "पाणी आणू का?" तर हात वर करून म्हणाले, "तुम्ही पण उठू नका." हेच त्यांचं शेवटचं बोलणं. मी उठले न्हाई. तासभर आम्ही दोघं तसेच बसून होतो. जोडी फुटलीच न्हाई, संघ जिंकला. गल्ली ओरडली, मी टाळ्या वाजवल्या, आणि बघितलं तर सत्तारभाईंची मान खुर्चीच्या पाठीच्या पात्यावर कलली होती... दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं कधीपासून?" मी म्हणाले, "आत्ताच." ते म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर बघता आलं असतं." दिवेलागणीला ते गेले. मी ना त्या डॉक्टरांना खरं सांगितलं, ना तुला.

आता तो संघ जिंकतच चाललाय. पेपरात येतं, टीव्हीवर मोठमोठी माणसं म्हणतात, हे फार पुढे जाणार. लोक मला येऊन सांगतात, "अक्का, सत्तारभाई खरे ठरले!" मी मान हलवते. पण तो संघ जिंकला की मला वाटतं, अजून कुठल्या तरी घरात जोडी फुटू नये म्हणून कुणीतरी उठायचं थांबलं असेल. पुढच्या महिन्यात त्यांची फार मोठी मॅच आहे. काल गल्लीतले चौघे येऊन म्हणाले, "अक्का, तुम्ही तुमच्या जागी बसा, खुर्ची तशीच राहू द्या. तीच लकी हाय."

खुर्ची तशीच आहे. त्या दिवशी टीव्हीकडे जराशी तिरकी होती तेवढीच तिरकी. झाडताना मी तिच्या पायांच्या कडेकडेने झाडते. ती तिथून उचलायला हवी, आणि तो हक्क माझा न्हाई, तुझा आहे. मॅचच्या आधी ये, बाई. रागावशील तर रागाव, बोलावंसं वाटलं न्हाई तर गप्प बस, पण लवकर ये. वाटेत अहमदपूरला गाडी थांबली की नुसती एक रिंग दे. मी शेवयांना दूध ठेवते, आणि तुझा पाय गल्लीत पडला की, दूध उतू जाईना का, उठून दारात येते.