इतकी वाट गप बसतलां?

पुण्याची बस पेडणे तालुक्यातल्या आमच्या धारगळच्या हमरस्त्यावर थांबते, म्हणून आम्ही बॅगा घेऊन तिथं उभे होतो. शेजारी तांबडी भाजी विकणारी एक अनोळखी बाई बसली होती. तिनं आधी बॅगा मोजल्यासारख्या पाहिल्या, मग माझ्याकडे बोट करून बाबांना विचारलं, “ह्यां चेडू खंय चल्लां?”

“पुण्याक. नोकरेक.”

“आणि थंय नुस्ता गावता?”

माझ्या नोकरीपेक्षा तिला मला मिळणाऱ्या माशांची काळजी होती. बस येईपर्यंत तिथल्या चौघांनी त्यावर आपापली मतं दिली. आई रडू आवरत एवढंच म्हणाली, “कोणी इचारल्यान तर जाप दी हां. नायतर म्हणतले, चेडवाक गर्व इलो.”

जाप म्हणजे उत्तर. ते देण्याची आम्हा पेडणेकरांना खोड आहे. कानावर पडलेलं बोलणं आपल्यालाच विचारलंय, असं आम्ही धरून चालतो.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. कोथरूडच्या स्टॉपवर एक गृहस्थ फोनवर सांगत होते, “हिंजवडीत पोचलोय, पाच मिनिटांत येतो.” मला वाटलं, बिचारे चुकले. मी मोठ्यानं म्हणाले, “काका, हे कोथरूड!” पलीकडच्यानंही ऐकलं असावं. काकांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं. लिफ्टमध्ये दोघी मैत्रिणी सुरमईच्या वासाबद्दल बोलत होत्या. मी म्हटलं, “वास येतो म्हणजे शिळी असणार.” पुढचे तीन मजले कुणी श्वाससुद्धा घेतला नाही.

हळूहळू मी शहाणी झाले. आता कानात इयरफोन घालते, गाणं मात्र लावत नाही. लोकांचं बोलणं ऐकायची हौस थोडीच जाते? तुमच्यापैकी जे गाव सोडून बाहेर पडले, तेही असंच करत असतील, खरं सांगा.

यंदा चतुर्थीला घरी येताना म्हापशाहून पेडण्याची बस धरली. पलीकडच्या सीटवरच्या दोन बायका माझ्याकडे बघत बोलत होत्या.

“ह्यां भायलां दिसता गो.”

“नाय गो, कपाळ बघ. आमच्याच पेडण्यातलां.”

मला हसू येत होतं. अजून काय काय निघतंय ते ऐकावं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. कोलवाळचा पूल आला.

“पेडण्यातलां जाल्यार इतकी वाट गप बसतलां?” पहिली म्हणाली. दुसरीला ते पटलं; मी बाहेरचीच ठरले. त्यांनी विषय बदलला, आणि मी घाबरले. खरंच घाबरले. इयरफोन ओढून काढले आणि वळून म्हणाले, “काकी, मी धारगळचां!”

“मगे इतको वेळ गप कित्याक बसलंस?” काकी चिडूनच म्हणाली.

पुण्यात माझं सगळं बरं चाललंय, मासेही मिळतात. पण तिथं मी वर्षभर गप्प राहिले तरी कुणाचं काही अडत नाही. माझ्या गप्प बसण्याचा एखाद्या अनोळखी बाईला राग येतो, ते माझं घर.