त्या दिवशी काय रांधलं होतं?

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तालुक्याला, तुमसरच्या बाजार समितीत धानाच्या ढिगापाशी उभा होतो. पुण्याहून तिची एक विद्यार्थिनी बोलत होती. "मॅडम सकाळी झोपेतच गेल्या..." मी नुसतं "बरं" म्हणालो. सख्खी मोठी बहीण गेल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? आणि खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. आता ती विचारणार नाही, हा पहिला विचार मनात आला. त्याची लाज वाटते, म्हणूनच हे लिहायला महिनाभर टाळाटाळ केली.

ताई राज्यशास्त्राची प्राध्यापक. विषय निवडला तो युरोपातल्या ज्यूद्वेषाचा. आई कपाळाला हात लावायची. "इतक्या दूरच्या लोकायचं भांडण तुले कायले पाह्यजे वं?" ताई हसायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. तिशी उलटल्यावर ती जर्मन शिकली, तिकडच्या लहान लहान गावांतून हिंडली, म्हाताऱ्या माणसांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. मारणारे कोण होते हे कागदांत सापडतं, म्हणायची, पण शेजारी त्या वेळी काय करत होते ते कुठंच लिहिलेलं नसतं. तुम्ही काय पाहिलं, असं विचारलं की सगळे घरी नव्हते म्हणून सांगत. म्हणून ती दुसरंच विचारायची. त्या दिवशी जेवायला काय होतं? एका आजीबाईंना कोबीचं सूप आठवलं, मग त्यात मीठ जास्त झालं होतं हे आठवलं, मग चूल खिडकीपाशी होती हे आठवलं... आणि मग खिडकीतून दिसलेलं समोरचं ज्यू कुटुंब, बोचकी घेऊन गाडीत चढणारं. हा किस्सा मी शाळेत मुलांना किती वेळा रंगवून सांगितला असेल! आमच्या ताईचा आम्हाला भारी अभिमान होता. दुसऱ्यांच्या गावातली पापं ती शोधत होती तोवर तर फारच.

पुढं ती आपल्याकडच्या दंगलींवर काम करायला लागली, तसा आमचा अभिमान जरा बेतानं झाला. तरी मागच्या हिवाळ्यात गावच्या वाचनालयानं तिचा सत्कार ठरवला. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे, निवृत्त मुख्याध्यापकाला दुसरं काय काम असतं? शाल झाली, श्रीफळ झालं. ताई बोलायला उभी राहिली. ज्यूंनी विहिरीत विष घातलं अशा अफवा युरोपात कशा उठत, मग घरं कशी पेटत, हे तिनं सांगितलं. लोक माना डोलावत होते. मग तिनं चष्मा काढला आणि एकदम घरच्या बोलीवर आली.

"आता आपल्या गावचं बोलू. पोळ्याच्या दिवशी एक बैल मेला, आन कादरभाईनं इख घातलं म्हणून बोभाटा झाला. मी तेव्हा इथं नव्हती, नागपूरले शिकत होती. तुम्ही होते. मले येवढंच सांगा, त्या दिवशी तुमच्या घरी काय रांधलं होतं?"

कादरभाई आमच्या गल्लीतला शिंपी. सबंध गावाचे कपडे तो शिवायचा. त्या संध्याकाळी त्याचं दुकान जाळलं आणि दुसऱ्या दिवशी बायकामुलांना टेम्पोत घालून तो गेला तो गेलाच. बैल सापानं मेला होता, हे आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. त्याला परत आणायला मात्र कुणी गेलं नाही.

सभागृहात डोलणाऱ्या माना थांबल्या. पहिल्या रांगेतून सरपंच माझ्याकडे बघत होते. ताईही माझ्याकडेच बघत होती... मी माइक घेतला. "ताईंचा प्रवास लांबचा झालेला आहे. चहापानाची व्यवस्था मागच्या बाजूला केली आहे." शाळा सुटल्यावर पोरं उठतात तशी माणसं उठली.

घरी जेवताना मी विचारलं, "ताई, रागावली काय?"

"कोणी आठवत नाही म्हटलं असतं, तरी चाललं असतं मले," ती म्हणाली. "तू तर चहाच पाजला बापा." आणि माझ्या बायकोकडून आणखी भाजी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी तिला तुमसर रोड स्टेशनवर गाडीत बसवलं. सांगायला तेव्हाही वेळ होता.

मला सगळं आठवतं. आमच्याकडे पुरणपोळी होती. दुकानाचा धूर स्वयंपाकघरात यायला लागला, तशी आईनं खिडकी लावून घेतली आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी कॉलेजात जाणारा, चांगला दांडगा पोरगा होतो. कादरभाईनं शिवलेला नवा सदरा माझ्या अंगात होता. मी उठलो नाही. ती पोळी मी तूप घालून खाल्ली, आणि ती गोडच लागली.

मागच्या आठवड्यात वाचनालयाच्या चिटणीसाचा फोन आला. "मास्तर, ताईवर पेपरात लिवून राहिले म्हणते? लिवा, चांगलं लिवा. फक्त गावाचं नाव तेवढं नका टाकू. उगाच कायले?" मी "नाही टाकत" म्हणालो. पुन्हा तेच, तोंडातून आपसूक निघालं. ताईचा मोठा फोटो आता वाचनालयात लागला आहे, दारातून शिरलं की समोरच. मी रोज पेपर वाचायला जातो, तर त्याच्याकडे पाठ करून बसावं लागतं. फोटोखाली लिहिलं आहे 'आमच्या गावचं भूषण', आणि त्याच्याही खाली गावाचं नाव, ठळक लाल अक्षरांत. या लेखात ते कुठंही सापडणार नाही.