दुसरीच्या नावावरच्या पकडी

क्रीडाशिक्षक माझा कॉलेजपासूनचा मित्र. पनवेलच्या शाळेत तो नापासाच्या काठावरच्या मुलींना कबड्डी शिकवायचा. बातमीदारीतून वेळ काढून मी त्यांना गणित. विभागीय स्पर्धा खेळली की दहावीला वाढीव गुण मिळत.

आपटा गावाच्या वरच्या वाडीतली एक मुलगी पकडीत पक्की, गणितात कच्ची होती. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, तीही जायची. त्या वर्षी तिला नेऊ नका म्हणून आम्ही दोघांनी तिच्या बापाला थांबवलं. "येवढं वरीस ठेवतो. पण पास होईल ना?" त्यानं विचारलं. मित्र म्हणाला, "दादा, आमची जबाबदारी."

विभागीय सामन्याला मी गेलो नाही. मित्रानं फोनवर निकाल आणि नावं सांगितली. तिचं नाव नव्हतं. "राखीव होती. गुण मिळतील तिला," तो म्हणाला. मी बातमी दिली. निर्णायक पकडींचं श्रेय दुसऱ्या मुलीला गेलं.

दोन दिवसांनी ती अंक घेऊन वर्गात आली. "सर, ही तर मैदानात आलीच नाय. या पकडी माझ्या हायत. खेळाचे सर बोलले, तिचा आठ नंबर पुकारला की तू हात वर कर. मी केला."

मी मित्राला गाठलं. त्यानं सांगितलं, पहिलीत घालताना गुरुजींनी तिची जन्मतारीख अंदाजानं एक जून लिहिली होती, आणि सालही अंदाजानंच. कागदावर ती वयोगटाबाहेर होती.

"हे तुला कधी कळलं?"

"फॉर्म भरताना."

"म्हणजे बापाला शब्द देण्याआधी?"

"तिच्याशिवाय टीम गेली असती का? खेळायला तरी मिळालं ना तिला!"

मी दुरुस्ती छापतो म्हणालो. तिनंच अडवलं. "मग बाकीच्यांचे पण गुण जातील."

दुरुस्ती छापली नाही. निकालात तिला गणितात चार गुण कमी पडले. संघातल्या इतर सगळ्या पास झाल्या.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन मी वाडीवर गेलो. तिनं तो हातात घेतला नाही.

"बापाला एकदा थांबवला तुमच्या शब्दावर," ती म्हणाली. "आता कुणाच्या शब्दावर थांबवू?"

दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली.