सावलीत सापडलेल्या भिंती

जुन्या अवशेषांच्या सर्वेक्षणाच्या कामावर येण्याआधी तिने बरीच वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. हॉलमधल्या झुंबरांखालून ड्रोन काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्या हातासाठीच तिला इथे घेतलं होतं. सगळे तिला लग्नवाली म्हणत. तीही ओ देई.

सासूबाईंना हा बदल पसंत नव्हता.

"जिवंत माणसांचे फोटो काढून पोट भरत होतं. आता मेलेल्यांच्या भिंती मोजत फिर."

"मेलेली माणसं डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो काढायला लावत नाहीत, आई."

भिंती होत्या शहराबाहेरच्या टेकाडावर. उघडे पडलेले दगडी पाये ती मोबाइलने टिपायची. फोन छातीशी धरून चहूबाजूंनी सावकाश फिरायचं. बाकीचं वरून ड्रोन टिपायचा, आणि कॉम्प्युटर ते सगळे फोटो जोडून टेकाडाचा हुबेहूब आकार उभा करायचा. सोमवारी सकाळी संरक्षित जागेची हद्द ठरणार होती. हद्दीबाहेर पार्किंगसाठी डांबर पडणार होतं. टेकाडाच्या पूर्वेचं सपाट माळरान रिकामंच आहे, असं सगळेच धरून चालले होते.

ड्रोन ढगाळ हवेत किंवा भर दुपारी उडवायचा, सावल्या नकोत, अशी सूचना होती. पण शुक्रवारी ऊन कलायला लागलं तसे तिचे हात शिवशिवू लागले. असल्या उजेडात ड्रोन पेटीत ठेवणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. तिने उडवला.

शनिवारी सकाळी ऑफिसात, म्हणजे गॅरेजवरच्या दोन खोल्यांत, सर्वेक्षणप्रमुख मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. आकारात जागोजागी काळी भोकं पडली होती.

"टेकाडाला देवी आल्यात का? कधी उडवलास?"

"संध्याकाळी. ऊन छान होतं."

"इथे नवरी उभी करायची नाहीये, बाई."

मॅडम फोटो पुसायला बसल्या. माळरानाचा एक फोटो आला आणि त्यांचं बोट थांबलं. गवतात बारीक काळ्या रेघा होत्या. सरळ, काटकोनात वळलेल्या.

"खुर्ची ओढ," त्या म्हणाल्या. "जमीन बोटभर उचललेली आहे. पायाला कळत नाही, पण तिरप्या उन्हात सावली पडते. खाली भिंती आहेत."

लग्नवालीला आधी काहीच दिसेना. मग एक खोली दिसली, तिला लागून दुसरी, आणि मग रेघा सोडून काही दिसेनाच.

मॅडमनी तिथल्या तिथे रस्ते खात्याच्या इंजिनिअरला फोन लावला. "सावल्या बघून मी हद्द हलवू?" तो म्हणाला. "दगड दाखवा."

दगड दाखवायला एक जागा होती. त्याच्याच माणसांनी माळरानात पाण्यासाठी चर खणला होता, आणि फोटोतली एक रेघ त्याला छेदत होती. दुपारी दोघी चरात उतरल्या. नेमकी जागा धरून मॅडमनी कडेची माती खरवडली. माती, मुळं, पुन्हा माती.

"नांगराचे तास असतील," मॅडम म्हणाल्या आणि ब्रश खाली ठेवला.

लग्नवाली फोटो बघत उभी होती. एकदम तिने कपाळावर हात मारला. "मॅडम, आपण चुकीच्या जागी खरवडतोय. माझा कॅमेरा तिरका होता, तिरक्या फोटोत अंतरं चुकतात."

"तिरका कशाला?"

"सवय. लग्नात सरळ खाली बघून शूट केलं तर नुसती टकलं दिसतात."

म्हणजे पुन्हा उडवायचं होतं, कॅमेरा सरळ खाली धरून, आणि त्याच कलत्या उन्हात. पण पश्चिमेला ढग चढत होते. सूर्य त्यांच्यात शिरला तसा तिने ड्रोन माळरानावर नेऊन थांबवून धरला. बॅटरी उतरत होती. मॅडम ढगाकडे बघत पुटपुटत होत्या. ते छापण्यासारखं नव्हतं. ढगाची कड फाटली, माळरानावर ऊन लोळलं आणि रेघा वर आल्या. तिने सटासट फोटो घेतले.

नव्या फोटोत रेघ चराला बरीच अलीकडे छेदत होती. मॅडम धावल्याच. चार हात मारले आणि ब्रशखाली कडक लागलं. घडीव दगड. त्याला चिकटून दुसरा, मध्ये चुन्याची पांढरी रेघ. उजेड होता तोवर लग्नवालीने चराची ती कड मोबाइलने इंच इंच टिपून घेतली. फोन हलू नये म्हणून तिने कोपर पोटाशी घट्ट दाबले होते.

सोमवारी कोवळ्या उन्हात इंजिनिअर आला. त्याने स्क्रीनवरची भिंत बघितली, मग बूट चिखलात घालून चरात उतरला आणि दगडावर हात फिरवला.

"मी गाड्या कुठे लावू मग?"

"टेकाडाच्या पश्चिमेला," मॅडम म्हणाल्या. "तिकडे वीतभर खाली नुसता कातळ आहे. बघून ठेवलंय."

त्याने पश्चिमेकडे एकदा बघून घेतलं. मग त्याने माणसांना हाक मारून हद्दीच्या खुंट्या उपटून पुढे रोवायला सांगितलं. खुंट्या माळरानापलीकडे पोचेपर्यंत लग्नवालीचा ड्रोन वर गेला होता. सकाळचं ऊन दुसऱ्या बाजूने पडत होतं आणि शुक्रवारी न दिसलेल्या रेघा गवतात उमटत होत्या.

"साहेब, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुम्ही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभे आहात."