आप्पांची डिस्क आणि माझ्या शोकेसमधली नवरी

मंडळी, दुपारपासून चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

शिरूरला माझ्या फोटो स्टुडिओत इनामगावचे एक आप्पा आले. लेकीच्या लग्नाची डिस्क हवी होती. त्यांच्या आजारी बहिणीला लग्नाला येता आलं नव्हतं, आणि तिच्या टीव्हीवर अजून डिस्कच चालते. तिच्याकडे जायला आप्पांना दौंडहून संध्याकाळची रेल्वेगाडी गाठायची होती.

पेनड्राइव्ह देताना म्हणाले, "काम्प्युटरात काय ठेवू नका बरं."

म्हणून मी थेट पेनड्राइव्हवरूनच डिस्क राईट करायला लावली. वीस मिनिटांत तीस टक्के! डिस्क बदलून पाहिली, तरी तेच.

"भाऊ, गाडी जाईल की माझी!"

मग कान दिला. राईटर जोरात फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. म्हणजे तो ठणठणीत होता, पेनड्राइव्हच व्हिडिओ हळूहळू देऊन त्याला ताटकळत ठेवत होता.

"आप्पा, व्हिडिओ आधी काम्प्युटरात घ्यावा लागेल."

"न्हाई! मागं एका फोटोवाल्यानं लेकीचा फोटो न इचारता दुकानात लावला हुता."

"तुमच्यासमोर पुसतो."

"मंग घ्या."

आता राईटर एकसुरात चालला. डिस्क झाली. व्हिडिओ पुसताना आप्पा स्क्रीनवर वाकून बघत होते. मघाशी फोन आला, गाडी मिळाली.

पण माझ्या शोकेसमध्ये पाच वर्षांपासून एका नवरीचा मोठा फोटो आहे. तिला मी कधीच विचारलं नव्हतं. तो आत्ताच उतरवला.

तुमचा फोटो कुठल्या स्टुडिओत लावलाय का? तुम्हाला विचारलं होतं?